वाचक विचारतात : कुणाचा आकडा खरा?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी सहज लिहून गेलो होतो की जुनी पंख्याची विमानं आपल्याला वाटतात तेवढी काही हळू नव्हती. बस, तेवढं एक वाक्य. त्यावर या वेळी इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न सगळे पुढे ढकलावे लागतायत, ज्यांनी इस्त्रीचे डाग आणि झोप न येणं याबद्दल विचारलंय त्यांनी कृपया महिनाभर दम धरा. गंमत म्हणजे एकाही पत्राची सुरुवात विमानाने होत नाही. कुणी गुडघ्यांवरून सुरू करतं, कुणी उकाड्यावरून, आणि चौथ्या ओळीत बघावं तर थेट दुसरं महायुद्ध.

प्रश्न : विषय उकाड्याचा होता हो, खरंच. पंखा फुल स्पीडला आहे तरी वारा लागत नाही असं मी म्हणालो, तर मेहुणा म्हणाला दुसऱ्या महायुद्धातल्या त्या ब्रिटिश फायटर विमानाचा, स्पिटफायरचा पंखा बसवून घ्या, आणि तिथून गाडी जी घसरली ती अजून रुळावर नाही. मी म्हणतो स्पिटफायरचा टॉप स्पीड ४५५ होता. मेहुणा म्हणतो ५८० च्या पुढे. सासरे त्यांच्या जुन्या पुस्तकातून बोट ठेवून ३६२ दाखवतात आणि मुलगा फोन पुढे करून म्हणतो सगळे चुकताय, ७२०. कुणीच माघार घेत नाहीये. तुम्हीच सांगा, खरं कोण बोलतंय?

उत्तर : चौघंही. म्हणजे मी सगळ्यांना खूश ठेवायला म्हणत नाहीये, खरंच चौघंही.

आधी सासऱ्यांचं बघू. जुन्या इंग्रजी पुस्तकात आकडा ताशी मैलात असतो, ३६२ मैलांना १.६०९ ने गुणा, ५८२ किलोमीटर येतात, म्हणजे तुमचा मेहुणा जे म्हणतोय नेमकं तेच. बापलेक एकच गोष्ट बोलतायत आणि एकमेकांशी भांडतायत, हे घरोघरी चालतं, त्यात विमानाचा काही दोष नाही.

आता तुमचे ४५५. तेही त्याच विमानाचे, सुरुवातीच्या मॉडेलचे, मार्क १ चे, फक्त समुद्रसपाटीजवळचे. मेहुण्याचे ५८० हे साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवरचे. एकच विमान, तेच इंजिन, आणि ताशी सव्वाशे किलोमीटरचा फरक. का, तर वर हवा विरळ असते, विमानाला ढकलून बाजूला सारायला कमी हवा लागते, म्हणून ते जास्त जोरात सुटतं. पण मग इंजिनलाही श्वास घ्यायला कमीच हवा मिळणार ना? बरोबर, त्यासाठी सुपरचार्जर असतो, म्हणजे हवा दाबून इंजिनमध्ये कोंबणारा पंपच म्हणा. एका ठरावीक उंचीपर्यंत तो इंजिनची ताकद टिकवून धरतो, त्याच्या वर गेलं की त्यालाही पुरेशी हवा मिळत नाही आणि इंजिन दमायला लागतं. ज्या उंचीला इंजिन अजून दमलेलं नाही पण हवा मात्र बऱ्यापैकी विरळ झालीय, तिथे टॉप स्पीड मिळतो, आणि पुस्तकात छापला जातो तो तिथलाच. खालचा आकडा कोण कशाला छापेल.

राहिला मुलगा. त्याच्या फोनवरचे ७२० हे मार्क १४ चे असणार, युद्धाच्या शेवटाकडचे. स्पिटफायर पहिल्यांदा उडालं १९३६ मध्ये, तेव्हा आणि नंतर लढाईत उतरलं तेव्हाही त्यात मर्लिन इंजिन होतं, साधारण हजार हॉर्सपॉवरचं. मार्क १४ मध्ये ग्रिफॉन आलं, त्याची ताकद जवळपास दुप्पट. नाव तेच ठेवलं पण आतून गडी पार बदललेला. ताकद दुप्पट होऊनसुद्धा वेग दुप्पट झाला नाही हे मुलाला आवर्जून दाखवा, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला ढकलायला लागणारी ताकद तर घनाच्या. म्हणून शेवटचे वीस-तीस किलोमीटर वाढवताना इंजिनिअर लोकांचा जीव निघायचा. पायलटसाठी एक बुलेटप्रूफ काच लावली, मागचं दिसायला आरसा लावला, की लगेच वेग थोडा खाल्ला जाणार.

अजून एक, हे सगळे आकडे म्हणजे इंजिन पिळून काढल्यावरचे. तसं फार वेळ पिळायची परवानगीच नसायची, अगदी पूर्ण जोर लावायचा तर साधारण पाच मिनिटं. एरवी ही विमानं बरीच सावकाश जायची. तेव्हा पुढच्या वेळी कुणी आकडा फेकला की तीनच गोष्टी विचारा, कुठल्या मॉडेलचा, किती उंचीवरचा, आणि मैल की किलोमीटर. निम्मी भांडणं तिथेच मिटतील. (पंख्याचं मात्र मला काही सुचवता येत नाही.)

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये रोज एकच संवाद होतो, "काय मग, काय म्हणताय", "चाललंय". परवा लिफ्ट अडकली आणि वीस मिनिटं करायचं काय म्हणून मॅकवर चर्चा झाली. मॅक १ म्हणजे किती किलोमीटर ते एकदाचं सांगून टाका, नॉटचंही सांगा.

उत्तर : नॉट सोपं आहे, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, कायम. मॅकचं मात्र "एकदाचं सांगून टाकणं" जमत नाही, कारण मॅक १ म्हणजे त्या जागच्या हवेतला आवाजाचा वेग आणि तो हवेच्या तापमानावर ठरतो. समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरलं तर ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर. तेच ११ किलोमीटर वर जा, तिथे प्रमाण तापमान उणे साडेछप्पन, आणि आवाज तिथे जातो ताशी १,०६२ च्या आसपास.

यातून एक भारी गोष्ट निघते. १४ ऑक्टोबर १९४७ ला चक येगर या अमेरिकन पायलटने बेल एक्स-१ या रॉकेट विमानातून पहिल्यांदा सरळ उड्डाणात आवाजाचा वेग ओलांडला, मॅक १.०६, उंची साधारण १३ किलोमीटर. किलोमीटरमध्ये तो वेग होता जवळजवळ १,१२७. म्हणजे तोच वेग त्याने जमिनीलगत गाठला असता तर आवाजाच्या मागेच राहिला असता! आणि उलट बाजूने बघा, त्याच सुमाराचं एफ-८६ सेबर हे अमेरिकन जेट समुद्रसपाटीला ताशी ११०० च्या आसपास जायचं, म्हणजे आकड्याने जवळपास येगरच्या बरोबरीला, पण सरळ उडताना ते काही आवाजाच्या पुढे जात नव्हतं, त्यासाठी त्याला खाली सूर मारावा लागायचा. लिफ्ट परत अडकली तर हे वापरा.

प्रश्न : मी रिटायर्ड माणूस, संध्याकाळी आम्ही सात-आठ जण बाकावर बसतो, बीपी-शुगरपासून सुरुवात होते. एक मित्र ठामपणे म्हणतात की लढाईत हळू विमान म्हणजे मरणच. दुसरे म्हणतात उलट हळू विमान पाडणंच अवघड. दोघंही माझे चांगले मित्र आहेत त्यामुळे मी गप्प आहे.

उत्तर : गप्प राहिलात ते बरं केलंत, कारण एकाच विमानावरून दोघांनाही पुरावा देता येतो.

ब्रिटनचं फेअरी स्वोर्डफिश घ्या. पंखांच्या दोन जोड्या, सांगाड्यावर कापड, उघडं कॉकपिट, टॉप स्पीड ताशी सव्वादोनशेच्या आसपास आणि पोटाखाली टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून जहाजावर जाणारा बॉम्ब, लटकवला की त्याहून कमी. मे १९४१ मध्ये असल्या विमानांनी बिस्मार्क या अवाढव्य जर्मन युद्धनौकेवर हल्ला केला, एका टॉर्पेडोने तिचं सुकाणू अडकवलं, ती गोल गोल फिरत राहिली आणि दुसऱ्या दिवशी बुडाली. त्या हल्ल्यात एकही स्वोर्डफिश पडलं नाही. यावर एक किस्सा नेहमी सांगतात की जहाजावरच्या तोफांचं गणित जलद विमानांसाठी होतं, इतकं हळू काही येईल हे त्यात धरलंच नव्हतं, म्हणून गोळे पुढेच फुटत गेले. मला हा किस्सा अर्धाच पटतो. हवामान भयंकर होतं, लाटा उसळत होत्या, विमानं पाण्याला घासून येत होती, त्याचाही वाटा असणारच. आणि मुख्य म्हणजे जेमतेम नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १९४२ मध्ये, जर्मन जहाजं इंग्लिश खाडीतून निसटत होती तेव्हा सहा स्वोर्डफिश त्यांच्यावर गेली, या वेळी वर जर्मन फायटर विमानं होती, आणि सहाच्या सहा पाडली गेली. १८ जणांपैकी १३ गेले. म्हणजे जहाजावरच्या तोफांपासून हळूपणाने वाचवलं असेलही, पण मागून येणाऱ्या फायटरपासून नाही वाचवलं.

दुसऱ्या मित्रांच्या बाजूने मात्र एक नंबर उदाहरण आहे, सोव्हिएत पो-२. हे मुळात शिकाऊ विमान, लाकूड आणि कापड, टॉप स्पीड ताशी दीडशे, म्हणजे रिकाम्या हायवेवरच्या गाडीएवढा. याच्यातून सोव्हिएत बायकांची एक आख्खी रेजिमेंट रात्री बॉम्ब टाकायला जायची, शेवटच्या टप्प्यात इंजिन मंद करून नुसतं घसरत यायच्या, खालच्या जर्मनांना तारांमधून वाऱ्याची सळसळ तेवढी ऐकू यायची, म्हणून त्यांनी नाव ठेवलं रात्रीच्या चेटकिणी. जलद फायटरची अडचण अशी की त्याला एका वेगाच्या खाली उडताच येत नाही, पंखांवरची हवा सुटते आणि विमान दगडासारखं खाली यायला लागतं, याला स्टॉल होणं म्हणतात. समोरचं विमान ज्या वेगाने मजेत उडतंय त्या वेगाला तुमचं कोसळायला आलेलं, मग नेम धरायला वेळ कुठला, झर्रकन पुढेच निघून जाणार. कोरियाच्या युद्धात १९५३ मध्ये अमेरिकेचं एफ-९४ जेट एका पो-२ चा पाठलाग करताना वेग कमी कमी करत गेलं आणि त्यातच पडलं. १९२० च्या दशकातल्या लाकडी विमानापुढे जेट! तरी तुमच्या त्या मित्रांना सांगा की पो-२ रात्री उडायचं. भरदिवसा हा खेळ कुणी करत नव्हतं.

प्रश्न : मी बारावीत आहे. आमच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचे मेसेज सोडून काही येत नाही म्हणून मी दोन प्रश्न टाकले, कुणाला उत्तर आलं नाही. एक, इंजिन अजून मोठं लावून प्रोपेलरचं विमान आवाजापेक्षा जलद का नाही केलं? दोन, विमान स्वतःच सोडलेल्या गोळीला ओव्हरटेक करू शकतं का?

उत्तर : पहिल्याचं उत्तर पात्याच्या टोकात आहे. विमान पुढे जातंय आणि पातं गोल फिरतंय, टोकाला हे दोन्ही वेग एकत्र लागतात, त्यामुळे विमान अजून आवाजाच्या बरंच मागे असतानाच टोक मात्र आवाजाच्या पुढे गेलेलं असतं. तिथे धक्कालहरी तयार होतात, ताकद वाया जायला लागते आणि आवाज तर विचारू नका. अमेरिकेने १९५५ मध्ये एक्सएफ-८४एच नावाचं असं विमान करून बघितलंच, जमिनीवर इंजिन चालू केलं की आजूबाजूच्या लोकांना मळमळायचं, डोकं दुखायचं, शेवटी नाद सोडला. रशियाने मात्र टीयू-९५ मध्ये एकामागे एक उलट फिरणारे मोठे पंखे लावले, ते तुलनेने सावकाश फिरवले, आणि ९०० च्या वर वेग काढला. ते विमान १९५२ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि अजून सेवेत आहे. माझं हे आवडतं विमान, उगाच सांगतोय.

दुसऱ्याचं उत्तर, हो, आणि ते झालेलं आहे. सप्टेंबर १९५६, अमेरिकन नौदलाचं एफ-११ टायगर, टेस्ट पायलट टॉम अॅट्रिज. त्याने हलका सूर मारत समुद्रावर २० मिलिमीटरच्या गोळ्या झाडल्या आणि तसाच सूर अजून तीव्र करत खाली गेला. गोळ्या सुटताना अर्थातच विमानापेक्षा जलद होत्या, पण सुटल्यावर त्यांना ढकलणारं कुणी नाही, हवा त्यांना सतत अडवतेय आणि त्या वक्र होत खाली येतायत, विमानाला मात्र इंजिन आहे. दहा-अकरा सेकंदांनी दोघांची गाठ पडली. काच फुटली, इंजिनला मार बसला, विमान धावपट्टीच्या आधीच आपटलं, पायलट जखमी झाला पण वाचला. ग्रुपवर टाका, बघा गुड मॉर्निंग थांबतात का.

प्रश्न : मिग-२५ जलद का एसआर-७१? आमचा तीन वर्षांपासूनचा वाद आहे. आणि हल्लीची विमानं त्यांच्यापेक्षा हळू का, तंत्रज्ञान मागे गेलं का?

उत्तर : एसआर-७१, म्हणजे अमेरिकेचं ते हेरगिरीचं विमान. यात वाद व्हायला नको होता. जुलै १९७६ मध्ये त्याने ताशी ३,५२९ किलोमीटरचा अधिकृत विक्रम केला, स्वतःच्या इंजिनवर जमिनीवरून उडणाऱ्या, आत पायलट असलेल्या जेट विमानांत तो अजून तसाच आहे. १९७४ मध्ये तेच विमान न्यूयॉर्कहून लंडनला १ तास ५५ मिनिटांच्याही आत पोचलं होतं. सोव्हिएत मिग-२५ ची ठरवून दिलेली मर्यादा मॅक २.८३. आता तुमच्या वादात जो मिगच्या बाजूने आहे तो म्हणणार की १९७१ मध्ये इजिप्त-इस्रायलमधल्या सिनाईवरून जाताना एक मिग-२५ रडारवर मॅक ३.२ ला दिसलं होतं. दिसलं होतं, पण तेवढं पळवल्यावर त्याची इंजिनं निकामी झाली असंच सांगतात. एकदा जीव तोडून पळणं वेगळं आणि तासभर त्याच वेगाने जाऊन, परत येऊन, पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणं वेगळं. एसआर-७१ ते दुसरं करायचं.

खरी लढाई उष्णतेशी असते. मॅक ३ ला हवेच्या दाबाने आणि घर्षणाने विमानाचं कातडं तीनशे अंशांच्या आसपास तापतं, साधं अॅल्युमिनियम तिथे नरम पडतं. अमेरिकनांनी एसआर-७१ बहुतांश टायटॅनियमचं केलं, आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं टायटॅनियम आडमार्गाने सोव्हिएत युनियनमधूनच मिळवलं, ज्यांच्यावर हेरगिरी करायची त्यांच्याचकडून. तापल्यावर विमान काही इंचांनी वाढायचं म्हणून सांध्यांत जागा ठेवलेली, त्यामुळे थंड असताना जमिनीवर इंधन टपटप गळायचं. सोव्हिएत लोकांनी दुसरा रस्ता घेतला, मिग-२५ बहुतांश निकेलयुक्त पोलादाचं केलं, जड झालं तरी चालेल म्हणून. १९७६ मध्ये बेलेन्को नावाचा पायलट एक मिग-२५ घेऊन थेट जपानला हाकोदाते इथे उतरला, तिथे ते खोललं तेव्हा हे सगळं उघड झालं. मला विचाराल तर पोलादाचं काम जास्त रोखठोक वाटतं, पण विक्रम टायटॅनियमचा आहे, काय करणार.

अमेरिकेचं एक्स-१५ काढू नका मध्येच. १९६७ ला मॅक ६.७ गाठला खरा, पण ते रॉकेट होतं आणि बी-५२ या मोठ्या बॉम्बर विमानाच्या पंखाखालून सोडायचे. वेगळा खेळ.

हल्लीचं म्हणाल तर मागे काही गेलेलं नाही, मागणीच बदलली. अमेरिकेच्या एफ-१०४ फायटरने मे १९५८ मध्ये ताशी २,२५९ किलोमीटरचा विक्रम केला, मॅक २ च्या वर, आणि आजचं अमेरिकन फायटर एफ-३५ मॅक १.६ चं. पण एफ-१०४ चे पंख इतके छोटे आणि कडेला इतके पातळ होते की जमिनीवर कुणाला कापू नये म्हणून कडांना कव्हर घालायचे, आणि लॅंडिंग पण भयानक जलद करावं लागायचं. शिवाय मॅक २ ला आफ्टरबर्नर (इंजिनच्या मागे जादा इंधन जाळून जोर वाढवायची सोय) पेटवला की इंधन बादलीने ओतल्यासारखं जातं, काही मिनिटांत घरी परतायचा विचार सुरू करावा लागतो. ते सगळं कशासाठी होतं, तर उंच आणि जलद गेलं की कुणी पाडणार नाही म्हणून. १ मे १९६० ला सोव्हिएत क्षेपणास्त्राने यू-२ हे अमेरिकन हेरविमान पाडलं, तेही २० किलोमीटरच्या वर उडत असताना, आणि उंचीवरचा भरवसा गेला. क्षेपणास्त्र मॅक ३ ने येतंय म्हटल्यावर तुम्ही मॅक २ ऐवजी सव्वादोनने पळून फार काही साधत नाही. मग रडारवर दिसायचंच नाही, लांब जायचं, जास्त वेळ वर राहायचं, यावर पैसा जायला लागला.

प्रश्न : माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या मिस्टरांशी कुठल्याही विषयावर बोला, बेडशीट, मुलांची परीक्षा, काहीही, ते दोन मिनिटांत विमानाच्या वेगावर येतात. आकडे सगळे पाठ. एकदा तरी त्यांना अडवता येईल असा एखादा प्रश्न द्या ना, सोपा, माझ्या लक्षात राहील असा.

उत्तर : ताई, हा घ्या. त्यांना विचारा, राईट बंधूंचं पहिलं विमान १७ डिसेंबर १९०३ ला किती वेगाने उडालं. त्यांनी ४८ म्हटलं तर म्हणा चूक, ११. त्यांनी ११ म्हटलं तर म्हणा चूक, ४८.

फसवणूक नाहीये ही, दोन्ही खरं आहे. त्या दिवशी समोरून ताशी चाळीसच्या आसपास वारा होता. विमान त्या वाऱ्यातून ४८ ने जात होतं, पंखांना कळतो तो हवेतला वेग, त्यामुळे ते वर राहिलं. पण जमिनीवरून बघणाऱ्याला ते पुढे सरकताना दिसलं जेमतेम ११ ने, बारा सेकंदांत १२० फूट. चिडले तर पुढचं सांगा, ऑरविल विमानात होता आणि विल्बर पंख धरून शेजारून पळत होता.

ते काय म्हणतात ते मला नक्की कळवा.